सौरडागांवरचा रेडिओ आवाज नेमका कुठून येतो? उगम ओळखण्याची पायरीपायरीने पद्धत

१९४२ च्या फेब्रुवारीअखेर ब्रिटनच्या लष्करी रडारांवर दोन-तीन दिवस विलक्षण खरखर येत होती. चार ते सहा मीटर तरंगलांबीवर चालणारी ती यंत्रे त्या गोंधळात आंधळी झाली होती. जर्मनांनी रडार जाम केले, ही पहिली शंका. तपास जे. एस. हे या ब्रिटिश शास्त्रज्ञाकडे आला. वेगवेगळ्या ठाण्यांनी नोंदवलेल्या दिशा त्यांनी ताडून पाहिल्या, तेव्हा खरखरीचा उगम आकाशात सूर्याबरोबर सरकत असल्याचे दिसले. त्याच दिवसांत सूर्यबिंबावर डागांचा एक मोठा गट होता. युद्धामुळे ही गोष्ट गुप्त राहिली आणि १९४६ साली प्रसिद्ध झाली.

हे यांना अर्धे उत्तर मिळाले होते: आवाज डागांच्या प्रदेशातून येतो. उरलेला प्रश्न असा, की डागाच्या वर किती उंचीवरून आणि कोणत्या प्रक्रियेने? आज हा प्रश्न घरबसल्या, मोफत उपलब्ध नोंदींवरून कोणालाही सोडवता येतो, आणि तो कसा सोडवायचा हेच इथे सांगायचे आहे. बातम्यांत सरसकट ‘सौरज्वालेतून रेडिओ लहरी निघाल्या’ असे लिहून मोकळे होतात, याची मला मनापासून खंत वाटते. त्या एका वाक्याखाली निदान चार वेगवेगळ्या प्रक्रिया दडलेल्या असतात. काही मंद आणि आठवडाभर टिकणाऱ्या, तर काही दोन सेकंदांत संपणाऱ्या. त्या वेगळ्या करता आल्या, की प्रकाशात न दिसणारी माहिती हाती येते: किरीटातले (सूर्याच्या सर्वांत बाहेरच्या, अतितप्त वातावरणातले) चुंबकीय क्षेत्र, तिथल्या वायूची घनता, इलेक्ट्रॉनांचा वेग.

उदाहरणासाठी मे २०२४ मधले सक्रिय क्षेत्र, म्हणजे डागांचा चुंबकीय प्रदेश, घेऊ, क्रमांक १३६६४. ते सूर्याच्या दक्षिण गोलार्धात होते आणि काही दिवसांतच इतके फुगले, की ग्रहणाच्या चष्म्यातून दुर्बिणीशिवाय दिसत होते. ८ मेपासून त्यातून मोठ्या ज्वालांची रांग लागली. १० मेच्या रात्री भूचुंबकीय वादळ झाले ते याच क्षेत्रामुळे. २००३ नंतरचे ते सर्वांत तीव्र वादळ. लडाखमधल्या हानलेहूनही त्या रात्री आकाशातली तांबडी प्रभा टिपली गेली.

पहिली पायरी: क्षेत्र पक्के करा आणि घड्याळ जुळवा

सुरुवात रेडिओ नोंदीपासून करू नका. आधी त्या दिवशी बिंबावर काय होते ते पाहा. नासाच्या एसडीओ उपग्रहाची रोजची चित्रे खुली आहेत. त्यांपैकी दोन घ्या: पांढऱ्या प्रकाशातले, ज्यात डाग दिसतात, आणि चुंबकीय नकाशा. नकाशात पांढरा भाग म्हणजे आपल्याकडे येणारे क्षेत्र, काळा म्हणजे आपल्यापासून दूर जाणारे. वहीत क्षेत्राचा क्रमांक, बिंबावरची जागा (मध्याजवळ की कडेला) आणि डागांचे पांढरे-काळे गट लिहा. पुढे ध्रुवीकरण (लहर उजवीकडे फिरते की डावीकडे) तपासताना याच नोंदीची गरज पडेल.

दुसरे घड्याळ. सौर नोंदी जागतिक वेळेत असतात, भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. १० मे २०२४ ची मोठी ज्वाला जागतिक वेळेने ६:५४ ला शिगेला पोहोचली, म्हणजे आपल्याकडे दुपारी १२:२४. पुण्यात शून्य सावलीचा दिवस तीन-चार दिवसांवर आलेला, सूर्य जवळपास डोक्यावर. भारतातल्या रेडिओ केंद्रांना याहून चांगली वेळ मिळणार नाही. उलट १४ मेची त्याहून मोठी ज्वाला जागतिक वेळेने १६:५१ ची. आपल्याकडे रात्रीचे सव्वादहा वाजून गेलेले. त्या घटनेसाठी भारतीय केंद्राची फाइल उघडून काहीच सापडणार नाही, अमेरिकेतल्या केंद्रांकडे जावे लागेल. हे सांगायला साधे वाटते, पण नवख्यांचा निम्मा वेळ इथेच वाया जातो.

दुसरी पायरी: वारंवारता हातात धरा

सूर्याच्या रेडिओ अभ्यासात वारंवारता म्हणजे उंची. हे एक वाक्य पाठ झाले, तर बाकी सगळे त्याला धरून लावता येते. कारण असे, की किरीटातला वायू प्लाझ्मा आहे, म्हणजे त्यात इलेक्ट्रॉन अणूंपासून सुटे झालेले आहेत, आणि प्रत्येक घनतेच्या प्लाझ्माची स्वतःची एक वारंवारता असते. तिच्याहून कमी वारंवारतेची लहर त्यातून बाहेर पडूच शकत नाही. घनसेंटीमीटरमध्ये १० कोटी इलेक्ट्रॉन असतील, तर ही सीमा ९० मेगाहर्ट्झ. १०० कोटी असतील तर सुमारे २८४, १,००० कोटी असतील तर सुमारे ९०० मेगाहर्ट्झ. घनता चौपट झाली, की वारंवारता दुप्पट होते. वर जावे तशी घनता घटते, म्हणून मीटर तरंगलांबीवर आपल्याला किरीटाचे वरचे थर दिसतात आणि सेंटीमीटर तरंगलांबीवर खालचे.

दुसरी वारंवारता चुंबकीय क्षेत्राची. इलेक्ट्रॉन क्षेत्ररेषेभोवती गिरक्या घेतो, त्या गिरक्यांची गती एका गॉसला (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) २.८ मेगाहर्ट्झ. क्षेत्र १,००० गॉस असेल तर २.८ गिगाहर्ट्झ. किरीटातल्या उष्ण वायूतून लक्षणीय उत्सर्जन होते ते या वारंवारतेच्या दुपटीला आणि तिपटीला. मूळ वारंवारतेची लहर वरच्या थरांत अडते.

आता कोणतीही नोंद समोर आली, की हे दोन हिशेब आधी करा. समजा नोंद ५ गिगाहर्ट्झची आहे. चुंबकीय गिरक्यांच्या तिपटीने ती निर्माण होत असेल, तर तिथले क्षेत्र ५,००० भागिले ८.४, म्हणजे सुमारे ६०० गॉस. १७ गिगाहर्ट्झला हेच उत्तर २,००० गॉसच्या थोडे वर येते. एवढे क्षेत्र किरीटाच्या तळाशी फक्त मोठ्या, जोरकस डागांवर सापडते. तेव्हा १७ गिगाहर्ट्झवर डागावर तळपता बिंदू दिसला, तर तो डाग साधा नाही हे लगेच कळते.

तिसरी पायरी: मंद बदलणारा भाग वेगळा काढा

२३ नोव्हेंबर १९४६ रोजी कॅनडातल्या ओटावाजवळ खंडग्रास सूर्यग्रहण होते. आर्थर कव्हिंग्टन १०.७ सेंटीमीटर तरंगलांबीवर सूर्याची मोजणी करत होते. चंद्राने एका मोठ्या डागांच्या गटाला झाकले, त्या क्षणी रेडिओ तीव्रता ठळकपणे खाली आली. रेडिओ उत्सर्जन डागांच्या परिसरात एकवटलेले आहे, याचा हा सुंदर पुरावा. १९४७ पासून ही मोजणी कॅनडात सातत्याने चालू आहे, आज ती पेंटिक्टनला होते आणि ‘एफ १०.७’ नावाने जगभर वापरली जाते. एकक ‘सोलर फ्लक्स युनिट’. सूर्य अगदी शांत असतो तेव्हा आकडा ६५-७० च्या आसपास, मे २०२४ च्या त्या दिवसांत तो २०० च्या वर होता.

हे आकडे उतरवून घ्या आणि निदान दोन महिन्यांचा आलेख काढा. सूर्य आपल्याला फिरताना दिसतो तो सुमारे २७ दिवसांत एक फेरी घेत, म्हणून मोठे क्षेत्र पूर्व कडेवर उगवले की आलेख चढतो आणि पश्चिमेला मावळले की उतरतो. या चढउताराच्या तळाशी असलेली जवळपास सपाट रेषा शांत सूर्याची. तिच्यावर जे उरते ते सक्रिय क्षेत्रांचे.

इथे तीन खाचखळगे आहेत. पेंटिक्टन दिवसातून तीन मोजण्या देते, आणि मधली, जागतिक वेळेने २० वाजताची, दिवसाचा आकडा म्हणून धरली जाते. त्याच वेळी ज्वाला पेटलेली असेल, तर आकडा फुगतो. म्हणून तिन्ही मोजण्या पाहा. एकच उडी मारत असेल, तर ती क्षेत्राची स्थिर चमक नव्हे. दुसरा खळगा पृथ्वीच्या अंतराचा. जानेवारीत आपण सूर्याच्या जवळ असतो, जुलैत दूर. त्यामुळे काहीही न बदलता आकड्यात सुमारे ७ टक्क्यांचा फरक पडतो. सूर्याबद्दल बोलायचे असेल तर अंतराची दुरुस्ती केलेला आकडा घ्या, पृथ्वीच्या वातावरणावरच्या परिणामाबद्दल बोलायचे असेल तर प्रत्यक्ष मोजलेला. तिसरा खळगा मोठा आहे. एफ १०.७ हा संपूर्ण बिंबाचा एकत्र आकडा आहे. बिंबावर चार क्षेत्रे असतील, तर त्यातला कोणाचा वाटा किती हे तो सांगत नाही.

चौथी पायरी: गरम वायू की चुंबकीय डाग?

मंद बदलणाऱ्या भागात दोन प्रक्रिया मिसळलेल्या असतात. एक, उष्ण वायूतल्या इलेक्ट्रॉन आणि आयनांच्या टकरींतून होणारे उत्सर्जन. ते क्षेत्राच्या सगळ्या विस्तारावर पसरलेले असते. दुसरे, डागांवरच्या तीव्र क्षेत्रात गिरक्या घेणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे. ते आटोपशीर जागेत, डागाच्या माथ्यावर असते. १०.७ सेंटीमीटरला दुसऱ्या प्रक्रियेसाठी ३३३ ते ५०० गॉस पुरतात, म्हणून एफ १०.७ मध्ये दोन्हींचा वाटा येतो.

वेगळे करण्यासाठी तेजस्विता-तापमान वापरा. एखादा भाग रेडिओत जितका उजळ दिसतो, तितका उजळ दिसण्यासाठी काळ्या पदार्थाचे तापमान किती लागेल, ते हे तापमान. नुसता फ्लक्सचा आकडा मोठा उगम मंद आहे की छोटा उगम प्रखर, हे सांगत नाही. म्हणून उगमाच्या आकारासकट काढलेले चित्र लागते. जपानमधल्या नोबेयामाच्या ८४ अँटेनांच्या रेडिओहेलिओग्राफने १९९२ ते २०२० या काळात १७ गिगाहर्ट्झवर सूर्याची जवळपास रोज चित्रे काढली. सरावासाठी तो साठा अमोल आहे.

एक हिशेब करून पाहू. क्षेत्रावरच्या वायूची घनता घनसेंटीमीटरला ३०० कोटी, थराची जाडी ५५,००० किलोमीटर, तापमान २५ लाख केल्विन धरा. घनतेचा वर्ग गुणिले सेंटीमीटरमधली जाडी, हे साधारण ५ गुणिले १०चा २८वा घात येते. याला ०.२ ने गुणा, तापमानाच्या दीड घाताने भागा आणि हर्ट्झमधल्या वारंवारतेच्या वर्गाने भागा, की थराची अपारदर्शकता मिळते. ५ गिगाहर्ट्झला उत्तर सुमारे ०.१. म्हणजे थर जवळजवळ पारदर्शक आहे आणि तेजस्विता-तापमान खऱ्या तापमानाच्या दहाव्या हिश्श्याएवढे, अडीच लाख केल्विन. १७ गिगाहर्ट्झला हा वाटा वीस-बावीस हजारांवर येतो. किरीटाखालच्या वर्णगोल या थराचे १०,००० त्यात मिळवा. १.४ गिगाहर्ट्झला मात्र अपारदर्शकता १ च्या वर जाते, थर दाट दिसतो आणि तेजस्विता-तापमान अठरा लाखांच्या घरात.

आता डागावरचा दुसरा प्रकार. तिथे ठरावीक क्षेत्र असलेला पातळसा थरदेखील त्या वारंवारतेला पूर्ण अपारदर्शक होतो, म्हणून तेजस्विता-तापमान थेट किरीटाच्या तापमानाला भिडते. ५ गिगाहर्ट्झवर डागाच्या डोक्यावर दहा लाख केल्विन किंवा अधिक मोजले गेले आणि भोवतालच्या भागात दोन-तीन लाख, तर माथ्यावरचे चुंबकीय आणि भोवतालचे टकरींचे, असा निवाडा करायला हरकत नाही.

डोळ्यांसमोर चित्र हवे असेल तर डागावर एकात एक बसणाऱ्या पालथ्या वाट्या कल्पा. आतली, लहान आणि बुटकी वाटी जास्त गॉसची. बाहेरची, मोठी आणि उंच वाटी कमी गॉसची. वारंवारता खाली आणत गेलात की एकेक बाहेरची वाटी उजळते. म्हणून ५, ८, ११ गिगाहर्ट्झच्या चित्रांची चळत एकत्र ठेवली, की डागावरच्या किरीटातले क्षेत्र उंचीनुसार कसे घटते ते दिसू लागते. दृश्य प्रकाशातून किरीटाचे क्षेत्र मोजणे फार अवघड आहे. रेडिओची ही देणगी कमी लेखू नये.

पाचवी पायरी: ध्रुवीकरण, म्हणजे साक्षीदाराची उलटतपासणी

चौथ्या पायरीचा निवाडा ध्रुवीकरणावर तपासा. चुंबकीय क्षेत्रात लहरीचे दोन प्रकार होतात. इलेक्ट्रॉन ज्या दिशेने गिरक्या घेतो त्याच दिशेने फिरणारी लहर जास्त जोमाने निघते. क्षेत्र आपल्याकडे येणारे असेल, म्हणजे नकाशावर पांढरे, तर ही लहर उजवीकडे वर्तुळाकार ध्रुवीकृत दिसते. काळ्या भागावर डावीकडे. पहिल्या पायरीत काढलेला नकाशा आता शेजारी ठेवा. पांढऱ्या डागावर उजवे, काळ्यावर डावे आणि ध्रुवीकरणाचे प्रमाण भरपूर असेल, तर गिरक्यांचे उत्सर्जन पक्के. नुसत्या टकरींच्या उत्सर्जनात ध्रुवीकरण असते, पण बहुधा काही टक्केच.

क्षेत्र कडेजवळ असेल तर सावध राहा. तिथून येणारी लहर वाटेत आडव्या क्षेत्रातून जाते आणि ध्रुवीकरणाची दिशा उलटू शकते. कडेच्या डागावर नियम उलटा लागला, म्हणून पूर्ण निष्कर्ष फेकून देऊ नका. तोच डाग मध्याजवळ असतानाची नोंद काढून पाहा.

सहावी पायरी: मीटर तरंगलांबीची खरखर

आता खाली, शंभर-दोनशे मेगाहर्ट्झकडे. इथे मोठ्या सक्रिय क्षेत्राची ओळख म्हणजे ‘नॉइज स्टॉर्म’, पहिल्या प्रकारचे वादळ. तासन्‌तास, कधी कित्येक दिवस, पार्श्वभूमी उचललेली राहते आणि तिच्यावर सेकंदभरही न टिकणारे, काही मेगाहर्ट्झ रुंदीचे असंख्य ठिपके उमटत राहतात. हे यांना १९४२ मध्ये भेटलेल्या खरखरीचे हेच घराणे.

हे तापलेल्या वायूचे उत्सर्जन नाही, याचा पुरावा तेजस्विता-तापमानातच आहे. किरीट दहा-तीस लाख केल्विनचा, आणि वादळात हा आकडा शंभर कोटींच्या वर जाऊ शकतो. एवढी उजळता फक्त तेव्हा येते, जेव्हा असंख्य इलेक्ट्रॉन एका तालात डोलतात. वेगवान इलेक्ट्रॉन प्लाझ्मामध्ये लाटा उठवतात आणि त्या लाटांचे रेडिओ लहरींत रूपांतर होते. वारंवारता तिथल्या प्लाझ्माचीच, नाहीतर तिच्या दुप्पट. शंभर मेगाहर्ट्झवर तिपटीने गिरक्या जुळायला फक्त बारा गॉस पुरतील, असे दुसऱ्या पायरीचे गणित सांगेल. त्याला इथे भुलू नका. एवढ्या प्रखर उजळतेचा खुलासा त्याने होत नाही.

वादळ बिंबाच्या मध्याजवळच्या क्षेत्रांतून जास्त दिसते, कारण उत्सर्जन बऱ्याच अंशी वरच्या दिशेला झोतासारखे जाते. कडेवरचे क्षेत्र गप्प वाटले, तरी ते शांत आहे असे समजू नका. दोन-तीन दिवस थांबा.

पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या संशोधकांनी ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसन वाइडफील्ड ॲरे या दुर्बिणीच्या नोंदींतून याच पट्ट्यात, सूर्य शांत असतानाही, अतिशय दुबळ्या रेडिओ चमका सापडल्याचे २०२० मध्ये दाखवले. किरीट इतका तापतो कसा, या जुन्या कोड्याशी त्यांचा संबंध लागू शकतो.

सातवी पायरी: उद्रेकाचा कल मोजा

माझ्या मते ही सगळ्यांत आनंदाची पायरी, आणि तिला लागणारी सामग्री अगदी फुकट आहे. ई-कॅलिस्टो हे जगभरातल्या छोट्या रेडिओ वर्णपटमापींचे जाळे आहे. त्याची केंद्रे भारतात गौरीबिदनूर आणि उटी इथेही आहेत. प्रत्येक फाइल पंधरा मिनिटांची, सेकंदाला चार वर्णपट. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर वारंवारता. फाइल उघडल्यावर आधी प्रत्येक वारंवारतेच्या ओळीतून तिचा मध्यक वजा करा. नाहीतर चित्रभर पट्टेच पट्टे दिसतील आणि उद्रेक बुडून जाईल.

उद्रेकांच्या पहिल्या तीन प्रकारांची वर्गवारी ऑस्ट्रेलियात पॉल वाइल्ड आणि लिंडसे मॅकरेडी यांनी १९५० मध्ये केली. त्याआधी तिथेच रूबी पेन-स्कॉट यांनी सौर उद्रेकांवर मूलभूत काम केले होते. रेडिओ खगोलशास्त्रातल्या त्या अगदी पहिल्या स्त्री शास्त्रज्ञांपैकी एक.

चित्रात तिरपा पट्टा दिसला, की तो ८० मेगाहर्ट्झवर केव्हा होता आणि ४० वर केव्हा उतरला, एवढे वाचा. समजा यात पाच मिनिटे गेली. ८० मेगाहर्ट्झची घनता घनसेंटीमीटरला सुमारे ७.९ कोटी, ४० ची सुमारे २ कोटी. किरीटाच्या घनतेचे न्यूकर्क यांचे प्रचलित प्रारूप वापरले, तर या घनता सूर्यकेंद्रापासून १.३२ आणि १.६२ सौरत्रिज्यांवर येतात. फरक सुमारे २ लाख ७ हजार किलोमीटर. भागिले ३०० सेकंद, वेग सुमारे ६९० किलोमीटर प्रतिसेकंद. हा आघात-तरंगाचा वेग आहे, म्हणजे दुसऱ्या प्रकारचा उद्रेक. सक्रिय क्षेत्रातून काहीतरी जोरात बाहेर फेकले गेले आणि पुढे आघात-तरंग ढकलत चालले आहे.

तेच अंतर दोन सेकंदांत कापले असेल, तर वेग सेकंदाला लाख किलोमीटर, प्रकाशाच्या एक-तृतीयांश. असे फक्त इलेक्ट्रॉनांचे झोत धावतात. हा तिसरा प्रकार. चित्रात तो जवळजवळ उभी रेघ दिसतो. झोत बाहेर जाणाऱ्या मोकळ्या क्षेत्ररेषेवरून सुटला, तर रेघ खाली खालीच जाते. बंद कमानीवरून चढून पलीकडे उतरला, तर वारंवारता आधी घटते, मग पुन्हा वाढते आणि इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी आकृती उमटते. या ‘यू’ उद्रेकांचा शोध ॲलन मॅक्सवेल आणि गोविंद स्वरूप यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केला. तेच स्वरूप पुढे भारतात परतले. त्यांनी सिडनीहून भेट मिळालेल्या ३२ छोट्या थाळ्या १९६५ मध्ये कल्याणजवळ उभ्या करून ६१० मेगाहर्ट्झवर सूर्य पाहायला सुरुवात केली. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीकडे अभिमानाने पाहताना आपली रेडिओ खगोलशास्त्राची वाट कल्याणहून आणि सूर्यापासून सुरू झाली, हे लक्षात ठेवावे असे मला वाटते.

एक मोठी चूक टाळा. दुसऱ्या प्रकारात बरेचदा दोन समांतर पट्टे असतात, एक प्लाझ्मा वारंवारतेचा आणि एक तिच्या दुपटीचा. वरच्या उदाहरणातला पट्टा प्रत्यक्षात दुपटीचा असेल, तर खरी प्लाझ्मा वारंवारता ४० वरून २० वर उतरली. मग जागा १.६२ ते २.०९ सौरत्रिज्या आणि वेग १,०९० किलोमीटर प्रतिसेकंद. एकाच चित्रातून दीडपट वेगळे उत्तर! म्हणून जोडीदार पट्टा आहे का, हे अर्ध्या आणि दुप्पट वारंवारतेवर शोधल्याशिवाय वेग जाहीर करू नका. शिवाय घनतेचे प्रारूप हे सरासरी आहे, सक्रिय क्षेत्रावर खरी घनता जास्त असते. वेग लिहिताना कोणते प्रारूप वापरले तेही लिहा.

चौथ्या प्रकारात रुंद, कल नसलेली चमक दहा मिनिटांपासून कित्येक तास टिकते. ज्वालेनंतर चुंबकीय कमानींत अडकून पडलेल्या इलेक्ट्रॉनांची ती खूण.

आठवी पायरी: ज्वालेच्या वेळचे सेंटीमीटर उत्सर्जन

ज्वालेच्या पहिल्या काही मिनिटांत प्रकाशाच्या वेगाच्या जवळ पोहोचलेले इलेक्ट्रॉन जोरकस क्षेत्रात गिरक्या घेतात. यातून निघणारा वर्णपट बहुधा ५ ते १० गिगाहर्ट्झच्या आसपास शिखर गाठतो, खाली झपाट्याने घटतो आणि वरही घटतो. कठीण (जास्त ऊर्जेच्या) क्ष-किरणांच्या आलेखाशी त्याचे चढउतार सेकंदासेकंदाला जुळतात. काही वेळाने वर्णपट शिखर सोडून सपाट होतो आणि मऊ (कमी ऊर्जेच्या) क्ष-किरणांसारखा हळूहळू ओसरतो. तेव्हा समजा, की आता तापलेल्या वायूचे टकरींचे उत्सर्जन उरले आहे. कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स व्हॅलीच्या दुर्बिणींनी १० सप्टेंबर २०१७ च्या ज्वालेत याच वर्णपटातून किरीटातले क्षेत्र मिनिटामिनिटाला कसे घटत गेले ते मोजले.

कधीकधी याच पट्ट्यात प्लाझ्माची एकतालातली उसळी येते. ६ डिसेंबर २००६ रोजी १.४ गिगाहर्ट्झजवळ दहा लाख सोलर फ्लक्स युनिटांहून तीव्र उद्रेक झाला आणि पृथ्वीच्या दिवसाच्या बाजूचे जीपीएस ग्राहक अडखळले. एवढा मोठा, खूप ध्रुवीकृत आणि क्षणाक्षणाला तुटक आकडा दिसला, तर वर्णपटाला गिरक्यांचे सूत्र लावत बसू नका.

नववी पायरी: सूर्य की शेजारचे घर?

ही पायरी खरे तर प्रत्येक वेळी सर्वांत आधी करावी. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमधल्या स्थिर आडव्या रेषा एफएम केंद्रांच्या. मे-जूनच्या वळवाच्या दिवसांत विजांमुळे सगळ्या वारंवारतांवर एकाच क्षणी उभी रेघ येते, तिला कलच नसतो. संशय आला, तर दूरच्या दुसऱ्या केंद्राची त्याच वेळेची फाइल उघडा. गौरीबिदनूर आणि उटी दोन्ही दक्षिणेतच आहेत, म्हणून तिसरे केंद्र दुसऱ्या देशातले, पण तिथे सूर्य वर असलेले, निवडा. दोन्हीकडे एकाच सेकंदाला तोच आकार असेल, तरच तो सूर्याचा.

घरी काय करता येईल

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला महाराष्ट्रात डीटीएचचे चित्र काही मिनिटे तुटते. सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो आणि त्याचा रेडिओ आवाज उपग्रहाच्या संकेताला झाकतो. सूर्य ऐकण्याचे साहित्य तेच आहे: गच्चीवर पडून असलेली ६० सेंटीमीटरची जुनी थाळी, तिचा एलएनबी (थाळीसमोर बसवलेला संकेतग्राहक), त्याला लागणारा १३ ते १८ व्होल्टचा पुरवठा आणि थाळी लावणारे वापरतात तो सॅटेलाइट फाइंडर. थाळी करडी, निस्तेज रंगाचीच हवी. चकचकीत थाळी ऊन एकवटून एलएनबी वितळवते. दिशा लावताना सूर्याकडे पाहू नका, काटा वर जाईल तसे सावकाश सरकवा.

आधी थाळी मोकळ्या आकाशाकडे, मग जमिनीकडे वळवा. जमीन म्हणजे सुमारे ३०० केल्विन, तीच तुमची मोजपट्टी. मग सूर्याकडे. ११ गिगाहर्ट्झला सूर्य या थाळीत साधारण २०० केल्विनची भर घालतो, काटा स्पष्ट उठतो. थाळीची नजर तीनेक अंश रुंद, सूर्य अर्धा अंश. तेव्हा डाग वेगळा दिसणार नाही आणि या वारंवारतेवर शांत बिंबाचाच वाटा मोठा. तरीही रोज त्याच वेळी, जमिनीशी ताडून मोजणी ठेवली, तर मोठे क्षेत्र बिंबावर असतानाचे दिवस वेगळे काढण्याचा प्रयत्न करता येतो. एलएनबी उन्हात तापून आकडा काही टक्क्यांनी हलवतो, म्हणून जमिनीची मोजणी दर वेळी करा, एकदाच करून चालणार नाही.

पहिला सराव म्हणून १३६६४ च घ्या. ते मेच्या मध्याला पश्चिम कडेआड गेले आणि महिनाअखेरीस पूर्वेकडून परतले, तेव्हा त्याला १३६९७ हा नवा क्रमांक मिळाला. १ मे ते १५ जून २०२४ चे एफ १०.७ चे आकडे अंतराची दुरुस्ती करून मांडा. त्याखाली त्याच तारखांचे चुंबकीय नकाशे चिकटवा, आणि दोन्ही फेऱ्यांत क्षेत्र मध्याजवळ असतानाच्या दिवसांच्या ई-कॅलिस्टो फाइलींत नॉइज स्टॉर्म शोधा.